माझी कातडी आणि मायचा हात

सन एकोणीसशे ब्याऐंशी. मला सतरा सरून अठरावं लागलं होतं, आणि माझ्या दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात केसांच्या मुळाशी एक पांढरी साल धरली होती. उन्हात बघितली तर अभ्रकासारखी चमकायची. नखानं उचकटली की खाली लालभडक कातडी, आणि त्या लालीवर सुईच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब. आज ह्याला सोरायसिस म्हणतात हे माझ्या नातवालाही ठाऊक आहे. मोबाइलवर बोट फिरवतो आणि दहा फोटो दाखवतो. तेव्हा आमच्या गावात ह्या रोगाला नाव नव्हतं, आणि ज्याला नाव नाही त्याला लोक आपापल्या अकलेनं नाव देतात. मी चौथी शिकलेला माणूस. घरची पोरं म्हणतात, आबा, हे कशाला लिहिता, लोक काय म्हणतील. लोक म्हणायचं ते तेव्हाच म्हणून गेले. आता माझी पाळी आहे.

रेणापूरच्या पुढं गाडीवाटेनं गेलं की आमचं गाव. घरात चार माणसं. दादा म्हणजे माझे वडील, माय, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली अक्का, आणि मी व्यंकट. शेती बऱ्यापैकी होती, कुणाच्या दारात उभं राहायची वेळ नव्हती. आमच्या घरची सकाळ मायच्या हातांच्या आवाजानं उगवायची. आधी जातं, मग राखेनं घागरी घासल्याचा खसखस आवाज, मग भाकरी थापल्याचा. मायच्या घागरी गावात प्रसिद्ध होत्या. बायका म्हणायच्या, हिच्या घागरीत बघून कुंकू लावावं, आरशाची गरज न्हाई. माय म्हणायची, कीट कितीबी जुनं असू दे, हात हलला पायजे. पण ह्या सगळ्या आवाजांच्या आधी एक आवाज यायचा, तो मला एकट्याला कळायचा. घराच्या मागं जाऊन ती माझी वाकळ झटकायची. रात्रभरात अंगावरून इतका कोंडा गळायचा की वाकळ पिठाच्या गिरणीतून आणल्यासारखी दिसायची. दादा उठायच्या आत, गडी यायच्या आत, ती झटकून घडी घालून ठेवायची. मी जमिनीवर डोळे मिटून पडून राहायचो. जागा आहे हे तिलाही माहीत असायचं.

गावात कुणी इसब म्हणालं, कुणी गजकर्ण. शेजारच्या एका म्हातारीनं शोध लावला की दादांनी बांधावर नाग मारला, त्याची कात लेकाच्या अंगावर चढली. दादांनी जन्मात नाग मारला नव्हता. पण इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलं की तेही आठवायला लागले, आपण कधी मारला असंल का. हे सगळं चाललं असतं. पण एक शब्द होता तो माझ्यासमोर कुणी बोलत नसे, मी पुढं गेल्यावर मागून यायचा. रगतपिती, म्हणजे महारोग. हॉटेलात माझा चहा कान तुटलेल्या कपात यायचा, तो कप वेगळा खुंटीला असायचा. ज्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी कप तसाच भरलेला ठेवून उठलो. तेव्हापासून आजतागायत मी हॉटेलात चहा पिलो नाही. लोक म्हणतात, व्यंकटराव पथ्याचे आहेत. पथ्य कसलं, खोड आहे.

अक्काला लातूरचं स्थळ आलं. पोरगा गंजगोलाईच्या बाजूला एका आडतीत कामाला, माणसं चांगली, हुंड्यासाठी अडून बसणारी नव्हती. कुंकवाला, म्हणजे लग्न पक्कं करायला, ते लोक आले तेव्हा मी पाणी द्यायला पुढं झालो. घरातल्या एकुलत्या एक भावानं पाणी द्यायचं नाही तर कुणी. तांब्या वाकवताना बाही वर सरकली आणि नवरदेवाच्या आत्यानं बघितलं. म्हातारी खमकी. तिनं सरळ विचारलं, पोराच्या हाताला काय झालंय वो. मी तोंड उघडायच्या आत दादा बोलून गेले, भाजलंय, गुऱ्हाळात काकवी उडाली. आत्या म्हणाली, मग लग्नापतूर बरं हुईल की, नवऱ्याचा कान पिळायला हात धड पायजे बाबा. सगळे हसले. मीही हसलो.

आमच्याकडं मांडवात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट नांदव, हे त्याचं सांगणं. त्याबद्दल भावाला टोपी-कापड मिळतं, पण कापडासाठी कुणी कान पिळत नाही. त्या घटकेला सगळा मांडव भावाकडं बघत असतो. अक्का लहानपणापासून मला सांगायची की माझ्या नवऱ्याचा कान असा पीळ की आठ दिवस लाल राहिला पायजे. आता दादांच्या त्या एका वाक्यानं गोष्ट अवघड होऊन बसली. भाजलेलं बरं होतं. माझं बरं झालं नाही तर वैशाखात मांडवात सगळ्यांना कळणार की ते भाजलेलं नव्हतं. मग दादा खोटे, आणि आमच्या घरात रोग. भरल्या मांडवातून वरात परत गेल्याच्या गोष्टी आम्ही ऐकलेल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर दादा ओसरीवर नुसते बसून होते. माय आतून आली आणि म्हणाली, पोराचं माझ्यावर सोडा, मी काढते.

त्या रविवारपासून सुरू झालं. न्हाणीच्या दगडावर ती मला बसवायची. कडुलिंबाचा पाला टाकून उकळलेलं पाणी, अंगावर घेववणार नाही इतकं कढत. आणि वजरी. टाचेच्या भेगा घासायला भाजलेल्या मातीचा खरबरीत तुकडा असतो ती. त्या वजरीनं माय माझी कोपरं, गुडघे घासायची. घागरीसारखीच, आधी गोल गोल, मग उभं, मग आडवं. साल निघायची, पाणी गढूळ व्हायचं, मग गुलाबी व्हायचं. नंतर करंजाच्या तेलात गंधक कालवून ती वर लावायची. त्या वेळी जे अंगातून जायचं ते मी लिहू शकत नाही. टॉवेलाचं टोक दातात धरायचो. माय विचारायची, लागून राहिलंय का रं. मी म्हणायचो, न्हाई, अजून घास. खरंच म्हणायचो. मला तो कान पिळायचा होता, आणि मायला तिच्या लेकाला उजळ करून मांडवात उभं करायचं होतं. दोघंही एकाच मातीचे.

घासल्यावर एक-दोन दिवस कातडी गुळगुळीत, तांबूस दिसायची. माय अक्काला हाक मारून दाखवायची, बघ, निघालं का न्हाई. मग पुन्हा पांढरं धरायचं, आधीपेक्षा जाड. तिला त्याचा एकच अर्थ कळायचा, घासणं कमी पडलं. रविवारच्या जोडीला गुरुवार आला. मग एक दिवसाआड. वजरी जिथं जिथं निसटून लागायची तिथं तिथं नवी साल उगवायची. पुढं दंडाला बाभळीच्या काट्याचा लांब ओरखडा उठला, आणि थोड्या दिवसांनी त्या ओरखड्यावर, त्याच्याच रेघेवर, पांढरी साल धरली. दोरी लावून पेरल्यासारखी सरळ. मी ती डोळ्यांनी बघितली. शेतकऱ्याचा पोरगा मी, तिफणीमागं चाललेला, मला कळायला पाहिजे होतं. आमच्या कातडीला जखम म्हणजे पेरणी. पण डोळ्यांना दिसलं म्हणून डोक्यात शिरतंच असं नाही.

लग्न जवळ आलं तसं घर वासांनी भरलं. आमटीसाठी येसर भाजायला घेतलं, धने, खोबरं, मिरच्या, सगळ्या गल्लीला ठसका. हळद कुटायला बायका आल्या, जात्यावर गाणी म्हणायला लागल्या. मी गोठ्याच्या बाजूला असायचो, पूर्ण बाहीचा सदरा, वरून टॉवेल. आतून पाठ, छाती, मांड्या सगळं पेटलं होतं. तळहाताला चिरा पडल्या होत्या, मूठ मिटत नव्हती. माझ्याच अंगाचा मला ताप यायचा.

हळदीच्या आदल्या दिवशी माय मला न्हाणीवर घासत होती तेव्हा दादा घरामागं आले. आजवर ते तिकडं कधी आले नव्हते. त्यांनी माझी उघडी पाठ बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, व्यंकट, तू दोन दिवस आखाड्यावर ऱ्हा. आखाडा म्हणजे आमचं शेतातलं छप्पर, बैलांचं आणि कडब्याचं. पाहुण्यांला सांगू, मामाकडं नांदेडला गेलाय, अचानक काम निघालं. कान बालाजी पिळील. बालाजी म्हणजे माझा चुलतभाऊ. मायच्या हातात वजरी तशीच होती. ती म्हणाली, "एक डाव अजून घासते. उद्यापतूर निघंल."

दादा म्हणाले, "बास कर आता." एवढंच. आवाज चढवला नाही. तो आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

आखाडा गावापासून फार लांब नव्हता, लाऊडस्पीकर ऐकू यायचा. म्हणून मी माझ्या बहिणीचं लग्न कानांनी बघितलं. बाजा वाजला, नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला. बाजा थांबला, मांडवात आला. मग माइकवर कुणीतरी फुंकर मारून बघितली, पाहुण्यांनी बसून घ्यावं, पंगत उशिरा बसंल. मग मंगलाष्टका. भटजींचा घसा बसला होता. शेवटच्या सावधानला बायकांचा गलका झाला, ताशा कडाडला, आणि बैलांनी कान टवकारले. मग थोडी शांतता, आणि माइकवर आवाज, नवरीच्या भावानं कानपिळीला पुढं यावं, बालाजी कुठं हायेत. मांडव हसला. बालाजीनं काहीतरी चावट केलं असणार, तो तसलाच. मी बैलांना कडबा टाकला. त्यांनी मघाशीच खाल्लं होतं, पण टाकला.

दाजी आता सत्तरीकडं झुकलेत. लातूरला गेलो की दरवेळी कान पुढं करतात. पीळ की व्यंकट, तुझा राहिलेला कान हाय ह्यो, म्हणतात. मनानं मोठा माणूस. मी पिळत नाही. ज्या वेळेचं ते त्या वेळेचं. माझी बायको म्हणते, एवढा ताठा काय कामाचा. असंल. पण तो माझा आहे.

उन्हं कलताना नवरा-नवरीची जीप आमच्या शेताच्या कडेनं गेली. मी बाभळीआड उभा राहिलो. अक्का मागं बसलेली, पदर तोंडावर. तिचा एक हात जीपच्या बाहेर होता, हिरवा चुडा कोपरापर्यंत. तो हात तिनं गजाला धरला होता की माझ्यासाठी बाहेर काढला होता, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. धुरळा बसायच्या आत माय आली. फडक्यात बांधून बुंदी, भात, डब्यात येसराची आमटी. मी जेवलो, ती बघत बसली. मग म्हणाली, मांडव उतरला की नांदेडला जाऊ, मोठ्या दवाखान्यात. तुझ्या दादाला इचारत न्हाई मी.

मायचा भाऊ, माझा मामा, तेव्हा विष्णुपुरीला होता. गोदावरीवर धरणाचं काम चाललं होतं, मामा तिथं मुकादम, पत्र्याच्या खोलीत एकटा राहायचा. अहमदपूर, लोहा करत एसटीनं आम्ही त्याच्याकडं उतरलो आणि दुसऱ्या दिवशी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. कातडीचे डॉक्टर म्हणजे एक बाई होत्या, हैदराबादेकडच्या, मराठीत दखनी मिसळायच्या. त्यांनी मला सदरा काढायला लावला आणि उघड्या हातानं, उघड्या हातानं बरं का, माझ्या पाठीवरून हात फिरवला. घरची माणसं सोडून एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी हात लावला होता. काचेच्या पट्टीच्या कडेनं त्यांनी थोडी साल खरवडली, रक्ताचे ते बारीक थेंब बघितले आणि मान हलवली.

"माँजी, फिकीर करू नका. हा महारोग नाही. ह्याच्या ताटात जेवलात तरी तुम्हाला होणार नाही. सोरायसिस आहे. आतल्या आत कातडी घाईनं तयार होते आणि वर साचते. समूळ जात नाही हे आधीच सांगते. कमी होईल, पुन्हा येईल, ह्याच्याशी जमवून राहावं लागेल."

माय ऐकत होती. महारोग नाही म्हटल्यावर तिनं पदरानं डोळे टिपले. मग तिला वाटलं असावं की आपणही काही केलंय हे बाईंना कळलं पाहिजे. ती खुलून सांगायला लागली, मी काय बसून न्हाई राहिले डॉक्टरीणबाई, एक दिवसाआड घासते, कढत पाण्यानं, वजरीनं, लिंबाचा पाला, गंधक, रगत येईस्तोवर घासते, हात दुखतेत माझे पण सोडत न्हाई. घागरीबद्दल सांगायची तशीच सांगत होती. बाईंनी माझ्या दंडावरची ती काट्याची रेघ मायला दाखवली.

"हे बघा. जिथं ओरखडा, तिथं हा रोग उगवतो. ह्याची कातडीच तशी आहे. तुम्ही घासलं तेवढं वाढलं. तुमचा कसूर नाही, कुणी सांगितलंच नव्हतं. पण आता घासणं बंद. एकदम बंद."

पुढचं त्या मलाच सांगत होत्या. कोमट पाण्यानं अंघोळ, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल, मग हे डांबराच्या वासाचं मलम. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यायचं, बिडी-दारूला शिवायचं नाही, काळजी कमी करायची. ह्या शेवटच्यावर मला हसू आलं. त्यातलं बाकीचं मी आजही पाळतो. थंडीत वाढतं, पावसाळ्यानंतर जरा बसतं. घरात कुणाचं मरण झालं की त्या महिन्यात अंगावर दिसतं. ते जात नाही, आणि मीही जात नाही.

विष्णुपुरीला उतरल्यावर माय नदीच्या कडेला एका दगडावर बसली. वर धरणाची मशिनं घरघरत होती. तिनं दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि तसेच ठेवले. मी म्हटलं, चल माय, मामा वाट बघंल. ती म्हणाली, "लेकरा, मी तुला सोलत व्हते रं." मी म्हटलं, मीच म्हणत होतो ना घास म्हणून. तिनं ऐकलं का नाही कळलं नाही.

संध्याकाळी तिनं भाकरी केल्या, पण माझ्या ताटात वाढली नाही. मामाला म्हणाली, त्याला तू वाढ. पाण्याचा तांब्याही माझ्या हातात न देता लांब ठेवला. मामा तडकला. म्हणाला, ताई, डॉक्टरनं लागट न्हाई म्हणून सांगितलं ना, आन तू आईच असून पोराला असं करून राहिलीस, लाज वाटू दे. माय खाली मान घालून चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिली. तिनं मामाला खरं काय ते सांगितलं नाही. मला कळत होतं. गावात लोक मला शिवत नव्हते ते माझ्या भीतीनं. ती शिवत नव्हती ती स्वतःच्या हाताच्या भीतीनं. पण तांब्या लांब ठेवला की आवाज सारखाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत कोमट पाणी ओतून घेतलं आणि सदरा न घालता बाहेर आलो. धरणावरच्या मजुरांची वस्ती, बाया पाण्याला चालल्या होत्या, माणसं कामाला. दोन उन्हाळे मी कुणासमोर बाही वर केली नव्हती. मी खोलीच्या दारात, उन्हात, पाय पसरून बसलो. बाया थबकल्या, एकीनं पोराला मागं ओढलं. मी बसून राहिलो. हातापायांना तेल लावलं, मलम लावलं. पाठीला हात पोचत नव्हता. माय चुलीजवळ होती. मी मागं न बघता म्हटलं, "माय, पाठ ऱ्हायली."

ती म्हणाली, मामाला सांग. मामा कामावर जायला निघालेला, म्हणाला, आण इकडं, लावतो. मी म्हटलं, मामा तू जा, हजेरी चुकंल. मामानं माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं आणि डबा घेऊन निघून गेला. मी तेलाची वाटी मागं सरकवली आणि तसाच बसलो. ऊन चढलं. चुलीवर काहीतरी करपल्याचा वास आला, तरी ती उठली नाही. मीही उठलो नाही. त्या वेळी माझ्या मनात एकच होतं, की आज ही उठली नाही तर पुन्हा कधीच उठणार नाही.

शेवटी माझ्या मागं बांगड्या वाजल्या. ती बसली. तिनं बोट तेलात बुडवलं, आणि एकच बोट माझ्या पाठीवर टेकवलं. इतकं हलकं की तेल अंगाला लागत नव्हतं, नुसतंच ओघळून कमरेपर्यंत जात होतं. तिचा श्वास मानेवर लागत होता, फुटत फुटत. वळून बघितलं असतं तर तिनं हात काढून घेतला असता. मी रस्त्याकडं तोंड करून, पाठ ताठ धरून बसलो, आणि तिची वाटी संपेपर्यंत हललो नाही.